रॉड ब्रेकची जुनी सायकल विकत घेताना

जुन्या बाजारात, किंवा एखाद्या तालुक्याच्या गावी सायकल दुकानामागच्या पडवीत, धूळ खात उभी असलेली काळी रॉड ब्रेकची, म्हणजे केबलऐवजी सळयांनी ब्रेक ओढणारी, सायकल दिसली की बहुतेकांची नजर आधी रंगावर जाते. रंग उडालेला असला की मन खट्टू होतं. नवा काळा रंग चढवलेला असला की लगेच भाव विचारला जातो. नजरेचा हा क्रम बदलावा म्हणून हे सगळं लिहितोय.

जुन्या सायकलीपुढे उभं राहिल्यावर एकच प्रश्न सतत विचारत राहा: यातलं जे गेलंय, ते आज मिळतं का? टायर, ट्यूब, चेन, ब्रेकची रबरं, कॉटर पिना (पेडलचा दांडा ॲक्सलला धरून ठेवणाऱ्या), तारा, छरे हे सगळं आजही गावोगावी मिळतं, कारण २८ × १½ मापाचं चाक आपल्या साध्या काळ्या सायकलींना अजूनही लागतं. तेव्हा टायरच्या चिंध्या झाल्यात, चेन गंजून ताठ झालीय, अशा सायकलीला नाक मुरडू नका. याउलट कंपनीचं चेनव्हील (पेडलपाशीचं मोठं दातेरी चाक), पुढचं चाक धरणारा मूळ चिमटा, हँडलखालचा पितळी बॅज, पूर्ण बंद चेनकेस, गिअरचा हब (चाकाच्या मधला तुंबा) किंवा मूळ दिवा गेलेला असेल तर तो शोधण्यात वर्षं जातात. सापडला तरी विकणारा माणूस तुमची गरज ओळखूनच भाव सांगतो. म्हणजे जुन्या सायकलीचं मोल दोनच गोष्टींत आहे: सरळ असलेला सांगाडा आणि पुन्हा न मिळणारे भाग. बाकीचा सगळा ओव्हरऑइलिंगचा, म्हणजे सायकल पूर्ण खोलून, साफ करून पुन्हा जोडण्याचा खर्च.

आधी सायकल कुठली, ते समजून घ्या

आपल्याकडे सापडणाऱ्या जुन्या सायकलींचे ढोबळ दोन गट आहेत. पहिला गट थेट इंग्लंडहून आलेल्यांचा: नॉटिंगहॅमची रॅले, बर्मिंगहॅमकडच्या बीएसए, हर्क्युलिस, फिलिप्स, आणि हंबर, रज. दुसरा गट स्वातंत्र्यानंतर इथेच बनलेल्यांचा. मद्रासजवळ अंबत्तूरला टीआय सायकल्सने १९५१ पासून हर्क्युलिस काढायला सुरुवात केली. सोनिपतची ॲटलासही १९५१ चीच. लुधियानाची हीरो १९५६ ची. आसनसोलला सेन-रॅलेचा कारखाना उभा राहिला आणि तिथे रॅले, हंबर, रज ही नावं भारतात बनू लागली. मुंबईत वरळीला हिंद सायकल्स होती. हिंदची चांगली अवस्थेतली सायकल समोर आली तर मी फार घासाघीस करणार नाही. आपल्या शहरात बनलेली वस्तू आहे, आणि तिच्याकडे संग्राहकांचं अजून म्हणावं तसं लक्ष गेलेलं नाही.

पहिल्यांदाच घेणाऱ्याला माझा सल्ला भारतीय बनावटीचा, पन्नास-साठच्या दशकातला आहे. सेन-रॅले किंवा अंबत्तूरची हर्क्युलिस. चालवायला तितकीच दमदार, भाग मिळायला सोपी, आणि 'मेड इन इंग्लंड' या तीन शब्दांपायी जो भाव चढतो तो इथे नसतो. त्या तीन शब्दांची फसवणूकही भरपूर चालते. सोनेरी स्टिकर नवे छापून मिळतात. म्हणून स्टिकर वाचून काहीही ठरवू नका, धातूवर ठोकलेलं वाचा: पितळी बॅज, हबवरचा शिक्का, क्रँकच्या, म्हणजे पेडलच्या दांड्याच्या, आतल्या बाजूची अक्षरं, नटांच्या माथ्यावरच्या खुणा. जुन्या कंपन्या अगदी बारीकसारीक नट-बोल्टांवरही आपली खूण ठोकत. बॅजवर नॉटिंगहॅम लिहिलंय आणि क्रँक, हब, पेडल, कॉटरवर कुठेच इंग्लंडचं नाव नाही, तर बॅज दुसरीकडून आलेला असू शकतो. बॅजच्या स्क्रू किंवा रिव्हेटांभोवती ताजे ओरखडे दिसतात का, तेही बघा.

ओळख पटवायला सगळ्यात भरवशाचं चेनव्हील. रॅलेच्या चेनव्हीलमध्ये बगळ्याची डोकी कोरलेली असतात. रजच्या चेनव्हीलमध्ये उघडा पंजा. हंबरच्या चेनव्हीलमध्ये गोलाकार मांडलेल्या पाच मानवी आकृत्या. बीएसएवर सरळ अक्षरंच. हंबरची आणखी एक खूण लांबूनही कळते: तिच्या पुढच्या चिमट्याला दोन्ही बाजूंना एकेक नव्हे, दोन-दोन बारीक नळ्या असतात. अशा जोडनळीच्या चिमट्याची हंबर धडधाकट मिळाली तर तिच्यापुढे उभं राहून मन भरून बघत राहावं, इतकं ते काम देखणं आहे.

सुटे भाग बघून मात्र घाईने निष्कर्ष काढू नका. रॅलेने १९३२ मध्ये हंबर विकत घेतली, १९४३ मध्ये रज, १९५७ मध्ये बीएसएचा सायकल विभाग. १९६० मध्ये हर्क्युलिस आणि फिलिप्स ज्या गटात होत्या, तो गटही रॅलेशी जोडला गेला. त्यामुळे साठनंतरच्या इंग्लिश फिलिप्सवर रॅलेच्या घरचा भाग दिसला तर ती कारखान्यातूनच तशी आलेली असू शकते.

मापाचं थोडक्यात. सांगाडा सीटच्या नळीच्या वरच्या टोकापासून पेडलच्या ॲक्सलच्या मध्यापर्यंत मोजतात. २२ इंची आणि २४ इंची या आपल्याकडच्या नेहमीच्या उंच्या. दांडीवरून पाय टाकून दोन्ही तळवे जमिनीवर टेकवून उभं राहता आलं पाहिजे. तेवढी जागा नसेल तर सायकल कितीही सुंदर असो, ती तुमची नाही. डबल दांडीच्या सायकली मुद्दाम ओझ्यासाठी बनवलेल्या. दुधाच्या किटल्या वाहून वाहून त्यांचे मागचे भाग थकलेले असतात, तिथे जास्त बारकाईने बघा.

कुठे शोधायची

पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. सकाळी लवकर जा. चांगला माल उन्हं चढायच्या आत उचलला जातो. मुंबईच्या चोर बाजारात, मटन स्ट्रीटच्या आसपास, अख्ख्या सायकलीपेक्षा घंट्या, दिवे, बॅज असे सुटे भाग शोधायला जावं. तिथली अख्खी सायकल बहुधा शोभेच्या भावाने विकली जाते.

पण खरा माल बाजारात येण्याआधीच मिळवायचा असतो. त्यासाठी पायपीट करावी लागते, आणि माणसं जोडावी लागतात. माझ्या मते सगळ्यात चांगली जागा म्हणजे जुनी सायकल दुकानं, जी एकेकाळी तासावर सायकली भाड्याने देत. सातारा, सांगली, मिरज, सोलापूर, नाशिक, कुठल्याही गावाच्या जुन्या पेठेत असं एखादं दुकान अजून तग धरून असतं. दुकानामागे, माळ्यावर, छताच्या आड्याला टांगलेले सांगाडे आणि चाकं असतात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे मालकाच्या डोक्यात गावातल्या सगळ्या जुन्या सायकलींची यादी असते. कुठल्या मास्तरांकडे रॅले होती, कुणाच्या वाड्यात गिअरची हंबर उभी आहे, हे त्यांना पाठ असतं. त्यांच्याकडून एखादी ट्यूब, एखादी घंटी विकत घ्या, चार गोष्टी ऐका, आपला नंबर देऊन या. महिन्याभरात फोन येतो.

वाडे पाडले जातात तेव्हा सायकल सगळ्यात आधी भंगारात जाते. आपल्या भागातल्या भंगारवाल्याला सांगून ठेवा की काळी, रॉड ब्रेकची सायकल आली तर वजनावर विकू नकोस, आधी मला दाखव, किलोच्या भावापेक्षा जास्त देईन. आणि मग शब्द पाळा. दोनदा बोलावून काहीच घेतलं नाहीत तर तिसरा फोन येणार नाही.

मोबाइलवर शोधताना विकणाऱ्याच्या जागी बसून विचार करा. त्याला 'रॅले' हे नाव कसं लिहायचं हे ठाऊक नसतं. तो रेली लिहितो, राले लिहितो, रॅली लिहितो. किंवा नुसतंच 'आजोबांची सायकल', 'जुनी इंग्लिश सायकल'. चुकीच्या लिखाणात चांगल्या वस्तू दडलेल्या असतात, कारण बाकीचे लोक तिथवर पोचत नाहीत. ज्या जाहिरातीत 'अँटिक' हा शब्द तीनदा आलाय, तिथे भाव आधीच वाढलेला आहे असं समजा.

प्रदेशाचाही विचार करा. मुंबई, कोकण, गोवा इथल्या खाऱ्या हवेत आणि चार महिन्यांच्या पावसात लोखंड आतून खाल्लं जातं. वरून बरी दिसणारी सायकल आतून पोकळ झालेली असू शकते. सोलापूर, अहिल्यानगर, मराठवाडा इथल्या कोरड्या हवेत रबर आणि चामडं सुकून तडकतं, पण नळ्या टिकतात. रबर बदलता येतं. म्हणून मी देशावरच्या सायकलीसाठी जास्त लांब जायला तयार असतो.

आणि घ्यायच्या आधी नजर तयार करा. पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे सायकल्स हे संग्रहालय आहे. तिथे एक दुपार काढली की मूळ घंटी कशी दिसते, दिव्याचा ब्रॅकेट कुठे बसतो, मडगार्डची टोकं कशी असतात हे डोळ्यांत बसतं. चित्रं बघून ते येत नाही.

घरी जाऊन बघताना

कुणाच्या घरची सायकल असेल तर थेट भावावर येऊ नका. 'आजी, सायकल कुणाची हो?' एवढं विचारलं की पुढची दहा मिनिटं ऐकायची. त्यात कामाचंही बरंच निघतं: कधी घेतली, कुठल्या दुकानातून, मध्ये रंग कधी मारला, अपघात झाला होता का, शेवटची कधी चालवली. 'काका, जुनी पावती, पंप, पान्यांची पिशवी, बिल्ला असं काही पेटीत पडलंय का?' हेही विचारा. नगरपालिकेचा सायकलकराचा धातूचा बिल्ला आणि दुकानाची पावती सायकलीबरोबर राहिली तर तिचा इतिहास पुराव्यासह राहतो. घरच्यांना त्या कागदाची किंमत नसते, आणि सायकल गेल्यावर तो केरात जातो.

बरोबर न्यायच्या वस्तू साध्या आहेत: टॉर्च, छोटं लोहचुंबक, तीन-चार मीटर पक्का दोरा, स्टीलची फूटपट्टी, जुनं फडकं.

सांगाडा: इथे घाई नको

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. सांगाडा गेला तर बाकी सगळं वाया.

आधी दहा पावलं मागे जाऊन बाजूने बघा. हँडलखालची उभी नळी, जिला मिस्त्री हेड म्हणतात, तिची रेषा मनाने खाली वाढवा. ती चिमट्याच्या पायांच्या सरळ भागातून गेली पाहिजे, आणि चिमट्याचा बाक फक्त खालच्या टोकाला, पुढच्या दिशेला हवा. चिमटा मागे रेटल्यासारखा दिसत असेल, पुढचं चाक तिरप्या नळीच्या फार जवळ आलं असेल, तर सायकल समोरून कशावर तरी आदळलेली आहे.

आता जवळ या. हेडच्या लगेच मागे, दांडीच्या आणि तिरप्या नळीच्या खालच्या अंगाला बोट फिरवा. डोळ्यांना न दिसणारी सुरकुती बोटाला कळते. समोरच्या धडकेत नळी नेमकी तिथेच दुमडते. तिथे उंचवटा लागला, किंवा रंगाला आडव्या भेगा दिसल्या, तर मी सायकल घेत नाही. चिमटा वाकलेला असेल आणि नळ्या शाबूत असतील तर जाणकार मिस्त्री तो सरळ करू शकतो. नळी दुमडली असेल तर ते काम भाव पाडून घेण्याच्या पलीकडचं आहे.

मग दोऱ्याची परीक्षा. मागचं चाक सांगाड्याच्या ज्या खाचांत बसतं, त्यातल्या एकीला दोरा बांधा, हेडला पुढून वळसा घालून दुसऱ्या खाचेपर्यंत आणा आणि ताणून धरा. सीटच्या नळीपासून दोऱ्याचं अंतर दोन्ही बाजूंना मोजा. सारखं आलं तर मागचा भाग सरळ आहे. तीन-चार मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर मागचा त्रिकोण एका बाजूला झुकलाय. लोखंडी सांगाडा थोडा रेटून सरळ करता येतो, पण त्या कामाचे पैसे भावातून वजा करायचे.

नवा रंग असलेल्या सायकलीवर लोहचुंबक फिरवा. नळीवर सगळीकडे सारखं चिकटलं पाहिजे. जिथे ढिलं वाटेल तिथे रंगाखाली लांबी (पुट्टी) भरलेली आहे, आणि लांबीखाली खड्डा, भोक किंवा जोड आहे. एवढ्याचसाठी मला उडालेला जुना रंग आवडतो. तो काही लपवत नाही.

आतला गंज बघायला सीट पोस्ट, म्हणजे सीटखालचा दांडा, काढायला सांगा. निघतच नसेल तर तो स्वतंत्र दोष धरा, कारण अडकलेला पोस्ट काढताना नळीला इजा होऊ शकते. निघाला तर आत टॉर्च मारा. पावसाचं पाणी सीटच्या नळीतून खाली उतरतं आणि बीबीत, म्हणजे पेडलच्या ॲक्सलच्या घरात, साचतं. म्हणून बीबीच्या पोटाखाली नाण्याने टकटक करा. ठणठणीत आवाज यावा. बद्द आवाज आला, पापुद्रे पडले, तर कोकणातल्या सायकलीचा मुक्काम तिथेच संपतो.

फिरणारे भाग

पुढचं चाक जमिनीवरून उचलून हँडल हळूहळू एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत फिरवा. अगदी सरळ स्थितीत 'कट्' करून अडकत असेल तर छरे ज्यात फिरतात त्या वाट्यांना खड्डे पडलेत. चाक गुडघ्यांत धरून हँडल मागेपुढे हलवलं आणि खटखट झाली तर नुसतं आवळून भागतं का ते बघा.

पेडलचे दोन्ही क्रँक आडवे करा आणि दोन्ही पेडलांवर एकदम भार द्या. मग अर्धा फेरा फिरवून पुन्हा द्या. एखाद्या स्थितीत कळेल एवढा दचका बसला तर कॉटर सैल आहे. दोन्ही क्रँक एका रेषेत नसतील, तर कॉटर चुकीच्या दिशेने बसवले आहेत किंवा झिजलेत. नवे कॉटर अगदी स्वस्त मिळतात. मात्र क्रँकमधलं कॉटरचं भोक लंबगोल झालं असेल तर क्रँकच बदलावा लागतो, आणि कंपनीचा क्रँक मिळणं अवघड.

नॉटिंगहॅमच्या रॅलेबद्दल एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. बाकी बहुतेक इंग्लिश सायकलींच्या बीबीच्या वाट्यांना इंचाला २४ आटे असतात. रॅलेने स्वतःचे २६ आटे ठेवले होते, हँडलच्या मानेतही आणि बीबीतही. बाजारात मिळणारी वाटी तिथे बसत नाही. अडाणीपणाने ठोकून बसवली की सांगाड्याचेच आटे जातात. म्हणून क्रँक फिरवताना खरखर जाणवली तर विचारा की वाट्या मूळच्या आहेत का, आणि खोलून बघायची परवानगी मागा. वाट्या गुळगुळीत आणि ॲक्सलच झिजलेला असेल तर निभावतं.

चेन बघायला वेळ घालवू नका, ती बदलायचीच. चेनव्हीलचे दात मात्र बघा. ते दोन्ही बाजूंना सारखे हवेत. एका अंगाला झुकून आकड्यासारखे झाले असतील तर नवी चेनही उड्या मारणार, आणि बगळ्याचं किंवा पंजाचं चेनव्हील पुन्हा मिळवायला फार कष्ट पडतात.

चाकं आणि ब्रेक

जुन्या इंग्लिश पद्धतीत पुढच्या चाकाला ३२ तारा आणि मागच्याला ४० असतात. रीम किंवा हब बदलायची वेळ आली तर भोकांची ही संख्या जुळवावी लागते, म्हणून आत्ताच मोजून लिहून ठेवा.

रॉड ब्रेकची रबरं रीमला बाजूने धरत नाहीत, हबाकडच्या आतल्या अंगाला ओढली जाऊन टेकतात. त्यामुळे तिथलाच मुलामा आधी झिजतो. आत बोट फिरवा, तारांच्या भोकांभोवती टॉर्च मारा. वरवरचा तांबूस गंज घासून जातो. भोकाच्या कडेला पापुद्रा सुटत असेल तर ती रीम तारांचा ताण सहन करणार नाही. याच रचनेमुळे चाक डावी-उजवीकडे थोडं आऊट असलं तर चालून जातं, पण वर-खाली उडी असली की ब्रेक एका ठिकाणी करकचून लागतो आणि दुसरीकडे सुटतो. चाक उचलून फिरवा आणि रबर व रीममधली फट बघत राहा.

ब्रेकच्या सळया, त्यांच्या कोपऱ्यांतले सांधे, चिमट्यावरचे ब्रॅकेट हे सगळं असलं पाहिजे. एखादी सळई भारतीय बनावटीची बसवता येते. हँडलमधून जाणारे मूळ लिव्हर आणि त्यांचे सांधे हरवले असतील तर ते जुळवताना दम लागतो. आणि एक खबरदारी: ओल्या लोखंडी रीमवर हे ब्रेक कोरड्यासारखे लागत नाहीत. पावसाळ्यात घाटरस्त्यावर ही सायकल उतरवायचा विचार करू नका.

गिअरचा हब असेल तर

मागचा हब जाडजूड दिसला आणि उजव्या टोकातून बारीक साखळी बाहेर येत असली, तर तो बहुधा स्टर्मी-आर्चरचा तीन गिअरचा हब. त्याचं एडब्ल्यू हे मॉडेल १९३६ मध्ये आलं आणि त्यानंतर अनेक दशकं बनत राहिलं. फडक्याने हब पुसा. युद्धानंतरच्या हबवर मॉडेलच्या खुणेबरोबर दोन आकडे ठोकलेले असतात, वर्ष आणि महिना. ५८ आणि ३ असेल तर मार्च १९५८. सायकलीचं वय ठरवायला याच्याइतका सोपा पुरावा दुसरा नाही. चाक नंतर बदललेलं असू शकतं, तेव्हा बाकीच्या भागांशी ताळा मात्र बघा.

केबल तुटलेली आहे म्हणून 'गिअर बिघडलाय' असं सांगून लोक ही सायकल स्वस्तात देऊन टाकतात. केबल नसताना हा हब आपोआप तिसऱ्या, म्हणजे सगळ्यात जड गिअरमध्ये राहतो, म्हणून सायकल ओढत नाही असं वाटतं. परीक्षा हाताने करा: ती बारीक साखळी पूर्ण ओढून धरली की पहिला गिअर, अर्धी ओढली की दुसरा, सोडली की तिसरा. दुसऱ्या गिअरमध्ये पेडल आणि चाक बरोबरीने फिरतात, पहिल्यात चाक पाऊणपट फिरतं, तिसऱ्यात एक आणि एकतृतीयांश. दुसऱ्या-तिसऱ्याच्या मध्ये पेडल मोकळं फिरण्याची एक जागा असते. तो या हबचा स्वभाव आहे. केबल जुळवली की पेडल तिथे घसरत नाही.

हे हब सहसा मरत नाहीत, नुसते सुकतात. हबवरच्या छोट्या टोपणातून चमचाभर मोटरचं पातळ ऑइल सोडा आणि एक रात्र थांबा. खोबरेल किंवा कुठलंही खाद्यतेल घालू नका. ते आत चिकट होऊन बारीक स्प्रिंगा धरून ठेवतं. ती साखळी किंवा केबलचं टोक इथे मिळालं नाही, तर ब्रिटनमध्ये राहणाऱ्या आपल्या कुणा नातेवाइकाला सांगा. वजनाला हलकी वस्तू आहे, सुट्टीला येताना सहज आणता येते.

पुढच्या हबलाच मोठी डबी असेल तर तो डायनोहब, म्हणजे चाकातच बसवलेला डायनॅमो. आतलं लोहचुंबक गाभ्यातून बाहेर काढलं की त्याचा जोर उतरतो. विकणाऱ्याने 'खोलून साफ केलाय' असं अभिमानाने सांगितलं तर दिवा लावून दाखवायला सांगा.

सीट, दिवा, घंटी

ब्रुक्सची चामड्याची सीट कडक झालेली असली तर घाबरू नका. रिव्हेटांपाशी चामडं फाटलेलं असेल, किंवा पुढच्या टोकाचा ताणाचा नट शेवटपर्यंत येऊन संपला असेल, तर ते चामडं गेलं. सांगाडा आणि स्प्रिंगा चांगल्या असल्या तर चामड्याचं काम जाणणारा कारागीर नवं चढवू शकतो. तेव्हा फाटकी ब्रुक्सही फेकू देऊ नका.

लुकासचा दिवा किंवा घंटी मूळची असेल तर सौदा ठरवताना ती सायकलीवरच राहणार हे स्पष्ट बोलून घ्या. 'सायकल न्या, दिवा ठेवतो' असं शेवटच्या क्षणी ऐकायला मिळतं. आणि पुरी असलेली सायकल सुट्या भागांसाठी मोडू नका. दिवा एकाला, सीट दुसऱ्याला, चेनव्हील तिसऱ्याला विकून सांगाडा एखाद्या हॉटेलच्या भिंतीवर टांगला जातो, तेव्हा चालण्यासारखी एक सायकल कायमची संपते. हे बघून मला खरोखर वाईट वाटतं.

चालवून बघणं

टायर हवा धरत असतील तरच चालवा. आधी फरशीवर थोडं पाणी सांडा, दोन्ही चाकं भिजवा आणि सायकल सरळ ढकलत न्या. मागच्या चाकाचा ओला माग पुढच्याच्या मागावर पडायला हवा. दोन समांतर रेषा उमटल्या तर सांगाडा किंवा चिमटा पिळलेला आहे, किंवा नुसतं मागचं चाक वाकडं बसलंय. ते सरळ बसवून पुन्हा बघा. मग सपाट रस्त्यावर चालवा, हँडलवरची पकड सैल करा आणि सायकल एका बाजूला ओढते का ते पाहा. पेडलच्या प्रत्येक फेऱ्याला एकच आवाज येत असेल तर दोष बीबी किंवा कॉटरचा. चाकाच्या फेऱ्याला येत असेल तर हबचा.

भाव

घरून निघतानाच एका कागदावर आपल्या गावच्या मिस्त्रीचा ओव्हरऑइलिंगचा दर, दोन टायर-ट्यूब, चेन, ब्रेक रबर, कॉटर यांच्या किमती लिहून घ्या. हा खर्च जवळपास प्रत्येक सायकलीला येणारच. त्यात हरवलेल्या, सहज न मिळणाऱ्या भागांचे पैसे घाला. ही बेरीज आणि सायकलीचा भाव मिळून तुमच्या ठरवलेल्या रकमेत बसत असेल तर घ्या. अर्धवट इंग्लिश सायकलीपेक्षा पुरी असलेली भारतीय सायकल घ्यावी, यावर मी ठाम आहे. पहिली तुम्हाला भाग शोधत फिरवते, दुसरी पंधरा दिवसांत रस्त्यावर येते.

घासाघीस दोषांवर करा, माणसाच्या अडचणीवर नको. वडिलांची सायकल विकणाऱ्या मुलाला आणि घर रिकामं करणाऱ्या आजींना तिची खरी किंमत ठाऊक नसेल, तर ती त्यांना सांगून मगच सौदा करा.

सायकलीला आरसी बुक नसतं. म्हणून साध्या कागदावर पावती घ्या: विकणाऱ्याचं नाव, तारीख, रक्कम आणि सांगाड्याचा नंबर. नंबर सीटच्या नळीच्या टोकाशी, बीबीच्या पोटाखाली किंवा मागच्या चाकाच्या खाचेजवळ ठोकलेला असतो. नंबर घासून काढलेला दिसला तर भाव कितीही कमी असो, तिथून निघा.

घरी आणल्यावर

पहिल्या आठवड्यात एकही नट खोलू नका. सगळ्या बाजूंनी फोटो काढा, वायसर आणि नटांचा क्रम, सळयांच्या जोडण्या, केबलचा मार्ग सगळं टिपून ठेवा. अडकलेल्या सांध्यांवर रोज थोडं पातळ ऑइल सोडत राहा. मऊ फडक्याला थोडं ऑइल लावून मळ काढा, आणि जिथे सोनेरी रेघा किंवा नक्षी दिसू लागेल तिथे हात थांबवा. त्या रेघा हाताने ओढलेल्या असतात, एकदा गेल्या की परत येत नाहीत. मुलाम्यावरचा तांबूस गंज ॲल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात भिजवून घासला की बराच निघतो. पुन्हा रंग मारायचा विचार वर्षभर तरी पुढे ढकला.

मग मिस्त्रीकडे न्या आणि काम चालू असताना तिथेच बसा. कॉटर काढताना क्रँकखाली ठोकळ्याचा आधार हवा, नाहीतर हातोड्याचा सगळा मार बीबीच्या छऱ्यांवर आणि वाट्यांवर बसतो. नवे कॉटर बसवून पहिले दोन-चार फेरफटके झाले की नट पुन्हा एकदा आवळून घ्या, कारण सुरुवातीच्या चालण्यात ते आपली जागा धरतात आणि थोडे सैल होतात.